पोस्टडॉक शोधायला सुरुवात कुठून करायची? साठ मेल गेले, उत्तरं तीन

घन_विद्युत

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी पीएचडी मटेरियल्समधली. विषय सॉलिड इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतल्या द्रवाच्या जागी घन पदार्थ वापरायचा आणि तो लिथियमला जिथे टेकतो तिथे काय बिघडतं ते इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, मोजून शोधायचं. पाच वर्षं ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालून काढलीत. पहिल्या नावाने दोन पेपर आलेत, तिसरा रिव्ह्यूमध्ये अडकलाय, थीसिस साधारण पाच महिन्यांत जमा होईल.

गेले तीन महिने पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागेसाठी, मेल पाठवतोय. मोजून ६२ झाले. उत्तरं आली ३. दोघांनी सध्या फंडिंग नाही, शुभेच्छा असं कळवलं, तिसऱ्यांनी सीव्ही मागवला, मी तासाभरात पाठवला आणि त्यानंतर काहीच नाही. जाहिराती बघून ११ ठिकाणी रीतसर अर्ज केले, त्यातल्या ४ ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांचा पत्ताच नाही.

माझे गाईड चांगले आहेत पण त्यांनी स्वतः पोस्टडॉक केलं त्याला आता खूप वर्षं झाली, ते म्हणतात पाठवत राहा, लागेल कुठेतरी. मला असं वाटायला लागलंय की मी चुकीच्या दारावर टकटक करतोय. जाहिराती नक्की कुठे येतात, मेल कोणाला करायचा, फेलोशिपचे अर्ज आत्ताच भरायचे का डिग्री हातात आल्यावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरची लॅब चांगली आहे हे लांबून कसं ओळखायचं? कोणी हे अलीकडे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, कितीही लांब प्रतिसाद असला तरी मी वाचेन.

प्रवाह_रेषा

सगळ्यात आधी, ६२ मेलांना ३ उत्तरं यात तुमच्या कामाची लायकी कुठेच ठरत नाहीये, ते मनातून काढून टाका. माझंही असंच झालं होतं. मी फ्लुइड मेकॅनिक्समधली, दोन पोस्टडॉक केले, दुसरा आत्ता सुरू आहे.

मला पहिल्या खेपेला जे कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. पोस्टडॉकचा पगार कुठून येतो हे बघा, जागा तिथेच असते. बहुतेक ठिकाणी विद्यापीठाकडे पोस्टडॉकसाठी वेगळा पैसा नसतो, प्रोफेसरला ग्रँट, म्हणजे एखाद्या प्रकल्पासाठी निधी, मिळते, त्या ग्रँटच्या बजेटमध्ये "एक पोस्टडॉक, दोन वर्षं" अशी ओळ आधीच लिहिलेली असते, आणि ग्रँट सुरू झाली की त्यांना माणूस लवकर हवा असतो कारण घड्याळ चालू झालेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्याला मेल करताय त्याचं काम तुम्हाला कितीही आवडत असलं तरी त्याची ग्रँट शेवटच्या वर्षात असेल तर तो तुम्हाला घेऊच शकत नाही, इच्छा असूनसुद्धा. आणि ज्याला मागच्या महिन्यात नवी ग्रँट मिळाली तो कदाचित जाहिरातीचा मसुदा लिहीत बसलाय.

ही माहिती गुपित नाही, उघड्यावर आहे, फक्त आपण तिथे बघत नाही. अमेरिकेत एनएसएफ या सरकारी निधी संस्थेचं अवॉर्ड सर्च आहे, आरोग्य आणि जीवशास्त्राच्या बाजूला एनआयएच या संस्थेचं रिपोर्टर आहे. युरोपियन युनियनचे प्रकल्प कॉर्डिस वर सापडतात, जर्मनीत डीएफजी या निधी संस्थेचं गेप्रिस, ब्रिटनमध्ये गेटवे टू रिसर्च. तुमचा कीवर्ड टाकायचा, सुरू होण्याची तारीख गेल्या सहा-आठ महिन्यांतली निवडायची. प्रत्येक ग्रँटखाली गोषवारा असतो, तो वाचला की त्या माणसाला पुढची तीन-चार वर्षं काय करायचंय हे त्याच्याच शब्दात कळतं. त्याचा पेपर वाचून हे कळत नाही, कारण पेपर म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम.

युरोपात ईआरसी, म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या निकालांवर तर नक्की लक्ष ठेवा. स्टार्टिंग ग्रँट म्हणजे साधारण १५ लाख युरोपर्यंत, पाच वर्षांसाठी, आणि निकाल नावांच्या यादीसकट जाहीर होतो. त्या यादीतले बरेच जण नुकताच ग्रुप उभा करत असतात, त्यांच्याकडे पैसा असतो आणि माणसं कमी असतात. माझा पहिला पोस्टडॉक मला अशाच यादीतून मिळाला. यादी आली त्याच आठवड्यात मेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जाहिरात त्यानंतर दीड महिन्याने निघाली आणि मी त्यात रीतसर अर्ज केला.

तुमचा मेल इथे टाकाल का, म्हणजे नाव-गाव काढून? प्रॉब्लेम यादीत आहे का मेलमध्ये ते कळेल.

घन_विद्युत

धन्यवाद ताई, हे ग्रँटचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी गूगल स्कॉलरवर ज्यांची सायटेशन जास्त त्यांना वरून खाली मेल करत सुटलो होतो.

मेल इंग्रजीत आहे, अर्थ मराठीत सांगतो. "आदरणीय प्रोफेसर, मी अमुक विद्यापीठातून पीएचडी पूर्ण करत आहे. आपल्या ग्रुपच्या अत्यंत प्रभावी कामाने मी प्रेरित झालो आहे. माझ्याकडे सिंथेसिस, एक्सआरडी, एसईएम, रामन, इम्पीडन्स अशा अनेक तंत्रांचा अनुभव आहे. मी मेहनती आहे आणि नवीन गोष्टी लवकर शिकतो. आपल्याकडे पोस्टडॉकची जागा असल्यास कृपया कळवावे. सोबत सीव्ही, दोन पेपर, गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं जोडली आहेत." एवढाच. नाव बदलून सगळ्यांना हाच पाठवला.

मोजपट्टी

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. गेली नऊ वर्षं इंजिनिअरिंग विभागात स्वतःचा ग्रुप चालवतोय आणि असे मेल रोज येतात, काही दिवशी पाच-सहा. तू वयाने लहान असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तुझा मेल वाईट नाही रे, पण त्यातलं एकही वाक्य असं नाही जे फक्त मलाच उद्देशून लिहिता आलं असतं. नावाच्या जागी दुसरं नाव घातलं तर मेल तसाच्या तसा चालतो. आणि तसा तो पाठवलाय हे दिसतं सुद्धा. बऱ्याच मेलांमध्ये माझं नाव बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या आकाराच्या अक्षरात असतं, कारण ते कॉपी करून चिकटवलेलं असतं, एकदा तर मेलात माझ्या शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याचं नाव होतं. ते दिसलं की हात आपोआप पुढच्या मेलवर जातो. माणूस वाईट आहे म्हणून नाही, तर त्या वेळी माझ्याकडे एका मेलसाठी अर्धं मिनिट असतं म्हणून.

आता मी थांबून कुठला मेल वाचतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा मेल आला, एकूण चार परिच्छेद, स्क्रीनवर एका नजरेत मावतील एवढे. पहिल्या दोन ओळीत कोण, कुठे, डिग्री कधी होणार, कधीपासून येऊ शकेन. दुसऱ्या परिच्छेदात तिने आमच्याच एका पेपरातली एक आकृती धरली होती आणि लिहिलं होतं की इथे जो कल दिसतोय त्याची दोन कारणं असू शकतात, तुम्ही पहिलं धरलंय, दुसरं वगळायचं तर अमुक मोजमाप लागेल, मी ते माझ्या पीएचडीत केलंय, हा त्याचा पेपर. संपलं. मला ते वाचून त्या रात्री झोपण्यापूर्वी ती आकृती पुन्हा काढून बघावीशी वाटली. तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते, तसं मी तिला कळवलं, पण पाच महिन्यांनी ग्रँट आली तेव्हा पहिला मेल मी तिलाच केला.

तुझ्या विषयात हे कसं दिसेल? समज एखाद्या पेपरात बॅटरी शंभर वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यानंतर इम्पीडन्सचं अर्धवर्तुळ फुगलेलं दाखवलंय आणि लेखकांनी ते सगळं लिथियमच्या बाजूच्या थरावर ढकललंय. दोनच इलेक्ट्रोड असतील तर दोन्ही बाजूंचा विरोध एकत्रच मोजला जातो, कॅथोडची बाजू किती आणि लिथियमची किती हे नुसत्या आलेखावरून खात्रीने वेगळं करता येत नाही, त्याला तिसरा, रेफरन्स इलेक्ट्रोड लागतो. घन इलेक्ट्रोलाइटमध्ये तो बसवणं किती कटकटीचं असतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तू तसा सेल बनवला असशील तर तुझ्या मेलचा दुसरा परिच्छेद तोच. "रामन, एसईएम, एक्सआरडी" ही यादी सगळ्यांच्या सीव्हीत असते, तिने काही कळत नाही.

जोडपत्रांबद्दल. गुणपत्रिका, प्रमाणपत्रं, पेपरच्या पीडीएफ हे काही जोडू नकोस. एकच पीडीएफ, त्यात सीव्ही, पेपरांची यादी लिंकसकट, आणि रेफरन्स देणाऱ्या तीन जणांची नावं. फाइलला तुझं नाव दे, नाहीतर माझ्या डाउनलोडमध्ये "सीव्ही" नावाच्या चाळीस फायली असतात त्यात ती हरवते. दहा-बारा दिवसांनी उत्तर नाही आलं तर त्याच मेलला एक दोन ओळींचा आठवणीचा मेल जरूर टाक, मला त्याचा कधीच त्रास झालेला नाही, उलट अनेक मेल मी "संध्याकाळी उत्तर देऊ" म्हणून ठेवतो आणि ते खाली जातात. दोनदा आठवण करूनही काही नाही आलं तर मात्र सोडून दे.

अजून एक, जाहिरातींबद्दल. खूप ठिकाणी नियमानेच जाहिरात काढावी लागते, मनात माणूस ठरलेला असला तरी. अर्जाची मुदत अगदी थोडी आणि अटी एखाद्याच्या सीव्हीवरून उतरवल्यासारख्या नेमक्या असतील तर तसं असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून जाहिरात दिसली तरी अर्ज करण्याआधी त्या प्रोफेसरला दोन ओळींचा मेल कर की मी अर्ज करतोय, माझं अमुक काम याच्याशी जुळतं, जागा अजून खुली आहे ना. तीन दिवसांचा अर्ज लिहिण्याआधी ते विचारायला काहीच हरकत नाही.

तारकापुंज७

मोजपट्टी सरांना पूर्ण अनुमोदन, फक्त एवढंच सांगतो की प्रत्येक क्षेत्राची रीत वेगळी असते आणि ती आधी समजून घ्या. मी खगोलशास्त्रातला. आमच्याकडे जवळपास सगळं वर्षातून एकदाच होतं. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर हा आमचा मुख्य फलक, जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरात यायला लागतात, मुदती ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवाराकडून होकार-नकार मागू नये असं सोसायटीचं धोरण आहे. त्यामुळे मार्चमध्ये मेल करणारा आमच्यात एक वर्ष हुकतो. हाय एनर्जी फिजिक्सवाले इन्स्पायरवर बघतात, गणितवाले मॅथजॉब्जवर, आणि गणित, भौतिकी दोन्हीकडचे अकॅडमिक जॉब्ज ऑनलाइनवर, तिथे एकदा पत्रं चढवली की अनेक ठिकाणी तीच वापरता येतात हा मोठा फायदा. प्रयोगवाल्या केमिस्ट्री, मटेरियल्समध्ये मात्र असं ठराविक वेळापत्रक नाही, जागा वर्षभर येत राहतात, त्यामुळे तुम्ही उशीर केलाय असं अजिबात नाही.

पण जे सगळीकडे लागू आहे ते म्हणजे छोट्या मेलिंग लिस्ट. मोठ्या वेबसाइटवर जागा दिसते तोपर्यंत दोनशे अर्ज आलेले असतात. माझा भाऊ कॉम्प्युटेशनल मटेरियल्समध्ये आहे, त्याला दोन्ही इंटरव्ह्यू साय-के या लिस्टवरून आले, ती इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चरवाल्यांची आहे. कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत सीसीएल आहे, उत्क्रांतीवाल्या जीवशास्त्रात इव्होल्डिर, न्यूमरिकल अॅनालिसिसमध्ये एनए डायजेस्ट, मेकॅनिक्समध्ये आयमेकॅनिका, प्रवाह_रेषा ताईंच्या क्षेत्रात सीएफडी ऑनलाइनचा जॉब विभाग. आपल्या क्षेत्रातली अशी लिस्ट कुठली हे आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेल्या माणसाला विचारायचं, त्याला नक्की माहीत असतं. याशिवाय युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, नेदरलँड्ससाठी अकॅडमिक ट्रान्सफर, यांचे अलर्ट लावून ठेवा आणि रोज उघडून बघत बसू नका, मी ते करायचो, सकाळचे चांगले दोन तास त्यात जायचे आणि थीसिस तसाच पडून राहायचा.

शेवंती_प्रयोगशाळा

फेलोशिपबद्दल मी लिहिते, कारण तीन भरल्या, एक मिळाली.

घन_विद्युत, फेलोशिप, म्हणजे आपण प्रस्ताव लिहून आपल्याच नावावर मिळवायचा पैसा, आणि ग्रँटवरची जागा या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्ही एकदम चालू ठेवायच्या. फेलोशिपला वेळ फार लागतो, होस्ट, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये जायचं ते प्रोफेसर, शोधून प्रस्ताव लिहून निकाल येईपर्यंत वर्ष सहज जातं, म्हणून डिग्री हातात येण्याची वाट बघू नका, होस्टशी बोलणं आत्ताच सुरू करा. अर्ज करताना डिग्री झालेली हवी का, हे मात्र प्रत्येकीचं वेगळं असतं, ते त्या वर्षीच्या नियमपत्रात शब्दन् शब्द वाचा.

युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात असते. पीएचडीनंतर जास्तीत जास्त ८ वर्षं चालतात, मूल झालं म्हणून किंवा आजारपणात संशोधन थांबलेला काळ त्यात धरत नाहीत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्या एका मैत्रिणीने आपण बाद झालो असं समजून दोन वर्षं अर्जच केला नाही. दुसरी अट मुक्कामाची, ज्या देशात जायचंय तिथे मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. म्हणजे तुम्ही आधी कुठल्यातरी ग्रँटवर तिथे जाऊन बसलात आणि दीड वर्षाने ही भरायला गेलात तर त्या देशासाठी दार बंद. हा क्रम आधीच ठरवायला हवा. आणि गर्दी फार वाढलीये, २०२४ च्या फेरीला १०,३६० अर्ज होते, २०२५ ला १७,०५८. एवढ्या एकाच गोष्टीवर सगळी आशा ठेवू नका.

जर्मनीतल्या हम्बोल्टची पोस्टडॉकसाठीची फेलोशिप पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत, ६ ते २४ महिन्यांची असते. जपानची जेएसपीएस फेलोशिप घेतली तर साधारणपणे तिथला होस्ट त्याच्या संस्थेमार्फत अर्ज करतो, आपण थेट नाही, त्यामुळे होस्टशी ओळख आधी लागते. जीवशास्त्राकडे वळणाऱ्या फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप आहे, तीन वर्षांची, तिच्याबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती असते.

आता एक पैशांची गोष्ट. काही ठिकाणी फेलोशिप म्हणजे नोकरी नसते, नुसता स्टायपेंड असतो, त्यात पेन्शन, बेकारीचा विमा वगैरे धरलेलं नसतं. जर्मनीत टीव्ही-एल ई १३ या वेतनश्रेणीचा नोकरीचा करार आणि नुसती स्टायपेंडियम यात हाच फरक आहे, हातात येणारी रक्कम सारखी वाटली तरी. अमेरिकेत एनआयएच दरवर्षी अनुभवाप्रमाणे स्टायपेंडचा तक्ता काढते, २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी ६१,००८ डॉलर होता, आणि बऱ्याच संस्था तोच किमान धरतात, म्हणून ऑफर त्यापेक्षा खूप खाली असेल तर का असं विचारायला लाजू नका. तिथल्या संशोधकांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसाचंही बघून ठेवा, रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त ५ वर्षं मिळतात आणि मध्येच तो प्रोग्रॅम संपवून निघालात तर २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर म्हणून येता येत नाही.

होस्टला विचारताना "मला तुमच्याकडे फेलोशिप लिहायची आहे" एवढं म्हणू नका, अर्ध्या पानाची कल्पना सोबत द्या. माझ्या होस्टने ते अर्धं पान लाल शाईने भरून स्कॅन करून पाठवलं होतं, वर लिहिलं होतं तिसरा मुद्दा टाकून द्या, दुसऱ्यावरच सगळं उभं करा. तो कागद मी अजून ठेवलाय. ज्याने एवढा वेळ दिला त्याच्याबरोबर काम करायला आवडेल हे मला तेव्हाच कळलं.

कोरडा_बर्फ

लॅब कशी ओळखायची यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मी ते न करता गेलो आणि दीड वर्ष घालवलं.

माझं कसं झालं, नाव मोठं होतं, पेपर मोठ्या जर्नलमध्ये, व्हिडिओ कॉलवर पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, अतिशय गोड बोलले, वीस मिनिटांत ऑफर. मी लॅबमधल्या कोणाशीच बोललो नाही. तोंडी दोन वर्षं म्हणाले, करार आला बारा महिन्यांचा, वाढवू म्हणाले. पोचल्यावर कळलं की ज्या प्रकल्पासाठी मला घेतलं तोच प्रकल्प अजून एका पोस्टडॉकला दिलेला आहे, ज्याचं आधी चालेल त्याचा पेपर. आम्ही दोघं एकाच खोलीत बसायचो आणि एकमेकांपासून डेटा लपवायचो. तो माणूस चांगला होता, आज आम्ही मित्र आहोत, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. सहा महिने वाढवून मिळाले, नंतर नाही, आणि मी निघालो तेव्हा हातात एकही पेपर नव्हता.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगतो. लॅबच्या वेबसाइटवर माजी सदस्यांची यादी असते ती उघडली. मग त्या ग्रुपचे गेल्या सहा-सात वर्षांतले पेपर काढले आणि लेखकांची नावं त्या यादीशी ताडून बघितली. जी नावं पेपरवर आहेत पण यादीत कुठेच नाहीत, ती माणसं शोधून त्यांना मेल केला. कारण लॅबने दिलेल्या यादीतली माणसं बहुतेक चांगलंच सांगणार, ज्यांचं नाव गळालंय त्यांच्याकडून खरं कळतं. तीन जणांना मेल केले, दोघांनी लिहून काही दिलं नाही पण फोन करतो म्हणाले. कोणी लिहायला तयार नाही आणि फोनवर बोलू म्हणतो, यातच बरंच कळतं. एका लॅबचं असं झालं, मी सोडून दिली. दुसऱ्या लॅबमधून बाहेर पडलेल्या बाईंनी भरभरून चांगलं सांगितलं, तिथेच आज आहे.

त्यांना विचारायचं काय, तर पीआय किती दिवसांनी पेपरचा मसुदा वाचून परत देतात, पहिलं नाव कोणाला हे कधी ठरतं, सुट्टी मागितल्यावर चेहरा कसा होतो, आणि पोस्टडॉक इथून कुठे गेले. पीआयना थेट विचारायचं की पैसा कुठल्या ग्रँटचा आहे आणि ती कधी संपते, करार किती महिन्यांचा, आणि जाताना प्रकल्पातलं काय मी बरोबर नेऊ शकतो. पुढे स्वतःचा ग्रुप काढायचा असेल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, आणि तो पहिल्याच दिवशी विचारलेला बरा. चांगला पीआय याला कधीच रागवत नाही. आणि कागदावर सही झाल्याशिवाय दुसऱ्यांना नाही म्हणू नका, घर सोडू नका.

मोजपट्टी

कोरडा_बर्फ, वाचून वाईट वाटलं. पेपरवरची नावं यादीशी ताडून बघायचं मी माझ्या विद्यार्थ्यांना आता सांगणार आहे. मी माझ्या ग्रुपची यादी आत्ताच उघडून बघितली, दोन नावं राहिली होती, घातली.

घन_विद्युत, रेफरन्सचं एक राहिलं. पत्र देणाऱ्यांना नुसतं "द्याल का" विचारू नकोस, "माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहू शकाल का" असं विचार, म्हणजे ज्याला जमणार नाही तो मोकळेपणाने नाही म्हणेल. मग त्यांना सीव्ही, जाहिरात आणि तू त्यांच्यासोबत केलेल्या कामाच्या चार ओळी दे आणि मुदतीच्या आठवडाभर आधी आठवण कर. चांगला अर्ज फक्त एक पत्र आलं नाही म्हणून बाजूला पडलेला मी स्वतः पाहिलाय. गाईडशिवाय कमीत कमी एक पत्र बाहेरच्या माणसाचं असू दे, कॉन्फरन्समध्ये तुझं पोस्टर बघून ज्यांनी प्रश्न विचारले असे कोणी आहेत का आठव.

घन_विद्युत

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफ करा, थीसिसचं चौथं प्रकरण चालू होतं.

जुनी यादी फेकून दिली. कॉर्डिस आणि गेप्रिसवर दोन दिवस बसलो, गेल्या सात महिन्यांत सुरू झालेले आणि माझ्या कामाशी जुळणारे नऊ प्रकल्प सापडले. त्यातल्या पाचांनाच मेल केला, प्रत्येकाला वेगळा, एकेक लिहायला पूर्ण संध्याकाळ गेली. मोजपट्टी सरांनी उदाहरण दिलं ते बरंच जवळचं निघालं, मी तीन इलेक्ट्रोडचा सेल खरंच बनवलाय, सातव्या प्रयत्नात जमला, सोन्याचा मुलामा दिलेली बारीक तार इलेक्ट्रोलाइटच्या दोन चकत्यांमध्ये दाबून, आणि ते मी जुन्या मेलमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं कारण मला वाटायचं त्यात काय विशेष.

पाचपैकी तिघांची उत्तरं आली. एकांकडे जागा भरलीये पण त्यांनी माझा मेल दुसऱ्या ग्रुपला पुढे पाठवला. एकांनी फेलोशिप एकत्र लिहू म्हटलंय. आणि एकांचा पुढच्या मंगळवारी कॉल आहे, अर्धा तास मी बोलायचं, मग त्यांच्या लॅबमधली चार माणसं प्रश्न विचारणार. लॅबच्या दोन माजी लोकांशी बोललो, दोघांनी पीआय मसुदा आठवड्यात परत देतात असं सांगितलं.

एकच विचारायचंय, अर्ध्या तासात पीएचडीचं सगळं सांगू का फक्त त्या सेलचं? सगळं सांगितलं तर ३८ स्लाइड होतायत.

मोजपट्टी

फक्त सेलचं. पंधरा-सोळा स्लाइड पुरे. बाकीची पीएचडी एका स्लाइडवर, शेवटी. न जमलेल्या सहा सेलांपैकी एकाचा फोटो असेल तर तो नक्की दाखव आणि तो का फुटला ते सांग, मी असतो तर सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच विचारले असते.

प्रवाह_रेषा

आणि कॉल झाला की त्या चौघांशी पीआयशिवाय पंधरा मिनिटं मिळतील का ते विचार. मंगळवारी रात्री इथे लिही, आम्ही वाट बघतोय.